फुगडी, स्टेम सेल आणि स्लिंग : लघवी सुटण्याच्या त्रासाचं माझं एक वर्ष

१३ ऑगस्ट २०२४, श्रावणातला दुसरा मंगळवार. नणंदेच्या सुनेची मंगळागौर होती, मुलुंडलाच. झिम्मा झाला, पिंगा झाला, मग मला फुगडीला ओढलं आणि चौथ्या-पाचव्या गिरकीलाच खालून सगळं सुटलं. थेंब-दोन थेंब नाही, नऊवारीचा काष्टा ओला झाला. चक्कर येतेय असं सांगून मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि बाहेरची गाणी ऐकत अर्धा तास तिथेच बसून राहिले.

मी तेव्हा ४८ वर्षांची. फोर्टमध्ये बँकेत नोकरी, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी, धाकट्याच्या वेळी चिमटा लावावा लागला होता. त्रास तसा सात-आठ वर्षांचा. खोकला आला की, शिंक आली की, दादरचा पूल घाईत चढला की, पाण्याची बादली उचलली की. रोज पॅड, रोज गडद रंगाची सलवार, पर्समध्ये एक जास्तीची. सकाळचा चहा बंद केला होता कारण मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत तासभर, आणि मध्ये कुठे उतरून जावं असं स्वच्छतागृह आपल्या स्टेशनांवर मिळणं म्हणजे नशीब. मुंबईत बायकांना २०११ पासून राइट टू पी नावाची मोहीम चालवावी लागली ती उगाच नाही. पाणी कमी पिऊन पिऊन मला दोनदा युरिन इन्फेक्शन झालं, त्याने त्रास उलट वाढला. पाणी तोडू नका, ही चूक मी वर्षानुवर्षं केली.

मंगळागौरीनंतर दोन आठवड्यांनी आमच्या गल्लीतल्या डॉक्टर मॅडमकडे गेले. वीस वर्षं त्यांच्याकडे जातेय आणि हे पहिल्यांदा बोलले. त्यांनी युरिन टेस्ट, शुगर, सोनोग्राफी लिहून दिली (फी ३००, टेस्टचे मिळून २,१००) आणि नाव सांगितलं, स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स. मला वाटलं टेन्शनमुळे होतं असं म्हणतायत. तसं नाही. इथे स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब. खोकल्यावर दाब वाढतो, तो मूत्राशयावर येतो, आणि मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू, त्याला खालून आधार देणारे स्नायू बाळंतपणात ताणले गेलेले असले, वयाने किंवा पाळी जाताना कमजोर झालेले असले, की लघवी निसटते. घाईची लागते आणि पोचेपर्यंत होते तो प्रकार वेगळा, त्याला गोळ्या असतात. दोन्ही एकत्रही असू शकतं. म्हणून स्पेशालिस्टला दाखवा म्हणाल्या, आणि ऑपरेशन हा शब्द त्यांच्या तोंडून सहज निघून गेला.

तो शब्द मी घरी घेऊन आले आणि तिथेच अडकले. रात्री मोबाइलवर शोधायला लागले. दोन दिवसांत मला तसल्याच जाहिराती दिसायला लागल्या, त्यातली एक उपनगरातल्या एका क्लिनिकची होती. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, तुमच्याच शरीरातल्या मूलपेशींनी, म्हणजे स्टेम सेलनी, कायमचा उपाय. खरं सांगते, ते वाचून मला रडू आलं. कोणीतरी आपल्यासाठीच शोधून ठेवलंय असं वाटलं.

५ ऑक्टोबरला, शनिवारी, एकटीच गेले. घरी बँकेचं काम सांगितलं. कन्सल्टेशन २,५०० रुपये. डॉक्टर दहा मिनिटं भेटले, तपासणी केली नाही, बाकी सगळं बोलणं काउन्सेलर मुलीने केलं, आणि ती इतकं गोड बोलायची की प्रश्न विचारायची लाज वाटावी. पोटाची चरबी काढणार, त्यातून पेशी वेगळ्या करणार, त्याच दिवशी इंजेक्शनने मूत्रमार्गाभोवती सोडणार, असे तीन सिटिंग. २,८०,००० रुपये, मेडिक्लेम चालत नाही, दिवाळीआधी बुक केलं तर ३०,००० कमी. मी २०,००० भरून आले. पावतीवर फक्त 'रिजनरेटिव्ह पॅकेज' एवढंच लिहिलं होतं, कुठल्या आजारासाठी ते नाही.

त्या रविवारी माझी भाची घरी आली होती, भावाची मुलगी, औषध कंपन्यांच्या ट्रायलचं, म्हणजे माणसांवर घेतात त्या चाचण्यांचं, काम बघते. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की एका मैत्रिणीला असं असं करायचंय. तिने ट्रायलच्या सरकारी नोंदणीबद्दल एकच प्रश्न विचारला, "आत्या, सीटीआरआय नंबर काय आहे?" आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला मैत्रीण कोण ते कळलं. काही बोलली नाही, लॅपटॉप घेऊन बाजूला बसली. त्या तीन तासांत मला जे समजलं ते मी इथे नीट लिहितेय, कारण तेच मला आधी कुठे सापडलं नव्हतं.

या त्रासावर मूलपेशींचं संशोधन खरंच चालू आहे, ती थाप नाही. कल्पनाही पटण्यासारखी आहे. मूत्रमार्ग बंद ठेवणारी जी कडी आहे ती स्नायूची, मग त्याच माणसाच्या मांडीच्या स्नायूचा छोटा तुकडा सुईने काढायचा, त्यातल्या पेशी लॅबमध्ये कित्येक आठवडे वाढवायच्या आणि त्या कडीत इंजेक्शनने सोडायच्या, म्हणजे कमजोर स्नायू पुन्हा भरून येईल. अमेरिका-कॅनडात यावर वर्षानुवर्षं ट्रायल झाल्या. त्यातली एक २०१८ मध्ये छापून आली. काही बायकांना पेशी आणि काहींना नुसतं पेशी नसलेलं द्रव, कुणाला काय दिलंय ते कुणालाच माहीत नाही. २४६ जणी घ्यायच्या होत्या, १५० वर भरती थांबवली, कारण नुसतं द्रव दिलेल्या बायकांनाही इतकं बरं वाटत होतं की पेशींचा फरक दाखवताच येईना. त्याआधी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा एक पेपर होता, २००७ मध्ये लॅन्सेटसारख्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला, निकाल एकदम भारी, आणि २००८ मध्ये त्याच नियतकालिकाने तो मागे घेतला. म्हणजे उपाय सापडलाय असं नाही, शोधतायत.

आणि आपल्याकडचा नियम. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सरळ आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट करतात ते सोडलं तर मूलपेशी माणसाला द्यायच्या असतील तर त्या फक्त मंजूर झालेल्या क्लिनिकल ट्रायलमध्येच, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर नोंद लागते, जून २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि ते रजिस्टर आपण घरी बसून फुकट बघू शकतो. नंबरमध्ये वर्ष आणि महिना असतो. नंबर मिळाला तरी उघडून वाचा, आजाराचं नाव आपलंच आहे का, हॉस्पिटल तेच आहे का, भरती चालू आहे का.

सोमवारी मी क्लिनिकला फोन केला आणि नंबर मागितला. उत्तर आलं, "मॅडम, ही रिसर्च नाहीये, ट्रीटमेंट आहे, म्हणून नंबर लागत नाही." म्हणजे ट्रायल नाही, मग द्यायची परवानगीच नाही. पैसे परत मागितले. आधी म्हणाले बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, मग मी ईमेलवर लिहून मागितलं की कुठल्या मंजुरीखाली देताय ते कळवा, त्याला उत्तर आलं नाही पण डिसेंबरच्या ११ तारखेला २०,००० खात्यात आले. २,५०० गेले. सगळं बोलणं फोनवर नको, ईमेलवर करा, एवढं यातून शिकले.

मला पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा राग आहे. तिथे जाणाऱ्या आम्ही बायका मूर्ख नसतो. आम्ही लाजेपोटी गुपचूप एकट्या जातो, बरोबर कुणी नसतं, घरी कुणाला सांगितलेलं नसतं, म्हणून आम्हाला विकणं सोपं जातं.

सोमवारी क्लिनिकला फोन केला त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मला वाटायचं तू माझ्याबरोबर फिरायला यायचं टाळतेस.

दिवाळी झाल्यावर युरोगायनॅकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली. हा प्रकारच मला माहीत नव्हता, बायकांच्या मूत्राशयाचं आणि ओटीपोटाच्या तळाचं बघणारे वेगळे डॉक्टर असतात. पहिली फी १,८००. खोकायला लावून तपासलं, भरलेल्या मूत्राशयाने, हे ऐकायला जेवढं भयंकर तेवढं प्रत्यक्षात नाही, मॅडमनी हातात टिश्यू देऊन ठेवले आणि म्हणाल्या, इथे ओलं होण्यासाठीच येतात. मग तीन दिवसांची डायरी भरायला दिली. किती प्यायले, किती वाजता गेले, किती मिली झाली, कधी सुटली. मापाला स्वयंपाकघरातला जुना ५०० मिलीचा प्लास्टिकचा मग काढला, त्यावर मार्करने खूण केली. एक दिवस तरी ऑफिसचा घ्या, नुसते सुट्टीचे दिवस भरू नका, घरी आपण वेगळेच वागतो.

ऑपरेशनचं नावही न काढता त्यांनी तीन महिने फिजिओथेरपी सांगितली. मी केगल, म्हणजे लघवी धरून ठेवणारे स्नायू आवळायचा व्यायाम, युट्यूबवर बघून दोन वर्षं करत होते, काही उपयोग नव्हता. फिजिओ मॅडमनी पहिल्याच सेशनला तपासून सांगितलं की मी चुकीचं करतेय, आवळण्याऐवजी खाली ढकलतेय, म्हणजे नुकसानच. पुष्कळजणी असंच करतात म्हणाल्या. १८ नोव्हेंबरपासून सुरुवात, दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ ते दहा, धरून ठेवायचं आणि मग पूर्ण सोडायचं, सोडणंही तितकंच महत्त्वाचं. एक वेळ लोकलमध्ये भांडुप ते घाटकोपर. आणि खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं, ही एक सवय लागली आणि पंधरा दिवसांत घरातला फरक कळायला लागला. बारा आठवड्यांत दहा सेशन, ९०० प्रमाणे ९,०००. वजनही सांगितलं होतं, ७४ चं ६९ केलं. जास्त वजन असणाऱ्यांनी थोडं कमी केलं तरी गळती कमी होते.

फेब्रुवारीत पुन्हा डायरी भरली. दिवसाला सहा-सात वेळा व्हायचं ते दोनवर आलं. पण जिना धावत चढणं, मोठी शिंक, जड उचलणं, तिथे अजूनही पॅड भिजायचं. मॅडम म्हणाल्या, इथपर्यंत थांबायचं असेल तरी चालेल, हा जिवाला धोका नाही, ठरवायचं तुम्ही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. क्लिनिकमध्ये दिवाळीआधीची घाई होती, इथे कुणालाच घाई नव्हती.

मी पुढे जायचं ठरवलं. मग युरोडायनॅमिक टेस्ट, मूत्राशयातला दाब मोजणारी. तारीख १८ फेब्रुवारीची मिळाली होती पण आधीच्या युरिन कल्चरमध्ये इन्फेक्शन निघालं, कोर्स घेऊन ४ मार्चला झाली. कल्चर चार-पाच दिवस आधीच करून घ्या, नाहीतर माझ्यासारखी सुट्टी वाया जाते. टेस्टला ८,५०० लागले. भरलेल्या मूत्राशयाने जायचं, आधी मीटर लावलेल्या कमोडवर लघवी करायची, मग एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक मागच्या बाजूला, सलाइनने हळूहळू भरत जातात, मध्ये मध्ये खोकायला लावतात, स्क्रीनवर दाबाच्या रेषा. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं. पाऊण तास. मी पूर्ण वेळ छताकडे बघत होते. सिस्टर बाईंनी मात्र एकदाही अवघडू दिलं नाही, पायावर चादर नीट करत राहिल्या. नंतर दोन दिवस जळजळ, भरपूर पाणी प्यायले, गेली.

रिपोर्टमध्ये स्ट्रेसच निघाला, घाईचा प्रकार नाही. पर्याय चार सांगितले. मूत्रमार्गाभोवती जेलसारखं इंजेक्शन, छोटं काम पण कालांतराने परत लागू शकतं. पोटातून टाके घालून आधार देणारं जुनं ऑपरेशन. पोटाच्या स्वतःच्याच पडद्याची पट्टी काढून तिची स्लिंग, म्हणजे आधाराची झोळी. आणि जाळीची टेप, टीव्हीटी, १९९० च्या दशकात स्वीडनमधून आलेली, साधारण एक सेंटीमीटर रुंदीची, मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसते, खोकल्यावर मूत्रमार्गाला टेकायला जागा मिळते.

जाळीबद्दल मी वाचलं होतं की इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये यावर स्थगिती आणली, बायकांनी भोगलंय, तक्रारी केल्यात. ते मी वहीत लिहून नेलं आणि वाचून दाखवलं. मॅडम रागावल्या नाहीत. टेप उघडी पडू शकते, मांडीत-ओटीपोटात कायमचं दुखू शकतं, लघवी अडकू शकते, टेप काढायची वेळ आली तर ते काम सोपं नसतं, हे सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं, वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता तेही विचारलं तर सांगितलं. तीन आठवडे विचार केला. पोटाची पट्टी घेतली तर काप मोठा, दिवस जास्त. मी टेप निवडली, दुसरी कुणी दुसरं निवडेल आणि तेही बरोबरच असेल.

तारीख १६ एप्रिल, बुधवार. १४ ला आंबेडकर जयंती, १८ ला गुड फ्रायडे, त्यामुळे बँकेच्या सुट्ट्या वाचल्या. मेडिक्लेमची प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, हॉस्पिटलमधल्या विम्याचं काम बघणाऱ्या टीपीए डेस्कवर आठ दिवस आधी दिली, त्यात पॉलिसी कार्ड, आधार, पॅन, डॉक्टरांचं पत्र, युरोडायनॅमिक रिपोर्ट, फिजिओच्या पावत्या. दोन दिवसांनी क्वेरी आली, त्रास किती वर्षांपासून आहे आणि औषधाने का चालत नाही. पत्रात 'सात-आठ वर्षं' असं खरं तेच लिहायला सांगितलं. पॉलिसी २०१५ पासून न खंडता चालू असल्यामुळे अडलं नाही. फिजिओच्या पावत्या आणि डायरीची झेरॉक्स लावली होती त्याचा उपयोग झाला, साधे उपाय करून झालेत हे कागदावर दिसतं.

आदल्या रात्री आईला फोन केला, चिपळूणला. सांगणार नव्हते पण निघालं तोंडातून. ती जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मला तुझ्या धाकट्या भावापासून आहे ते. मी जुन्या लुगड्याच्या घड्या वापरते." ५० वर्षं होत आली. एका घरात वाढले, तिच्या दोरीवर वाळणाऱ्या त्या घड्या मी रोज बघायचे, आणि मला कधी प्रश्न पडला नाही.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं कमी आहे. पाठीत इंजेक्शनची भूल, अर्धा-पाऊण तास, ओटीपोटावर दोन बारीक काप आणि एक आतून, शेवटी दुर्बिणीने मूत्राशयाला कुठे छिद्र गेलं नाही ना ते बघतात. संध्याकाळी नळी काढली आणि इथे मी घाबरले, कारण लघवी झाली पण पूर्ण होईना, सोनोग्राफीत २१० मिली शिल्लक. पुन्हा नळी. रात्रभर वाटत राहिलं की चूक केली. सकाळी परत काढली, मॅडमनी सांगितलं जोर लावू नका, पुढे वाकून बसा, घाई नाही. ६० मिली शिल्लक राहिली, म्हणजे पास. ज्यांना हे होईल त्यांनी घाबरू नका, सूज उतरेपर्यंत होऊ शकतं.

डिस्चार्जला फायनल अप्रूव्हल तीन तासांत द्यायचं असा २०२४ पासून विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचा नियम आहे, मला अडीच तास लागले. बिल १,३८,००० झालं, त्यातले ११,६०० मी भरले, हातमोजे वगैरे ज्याला कन्झ्युमेबल म्हणतात ते. आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च माझ्या पॉलिसीत मिळतो, प्रत्येक बिलावर डॉक्टरांचं लिहून दिलेलं लागतं, ते नव्हतं म्हणून माझी दोन बिलं गेली.

सहा आठवडे जड उचलणं नाही, लोकलची गर्दी नाही. पहिले दहा दिवस डावीकडे टोचायचं. लघवीची धार आधीपेक्षा हळू झालीय, ती अजूनही तशीच आहे, वेळ लागतो, मॅडमना सांगितलंय, त्या लक्ष ठेवून आहेत. तपासणी २८ मेला होती, दोनच दिवस आधी मुंबईत पाऊस येऊन थडकला होता, दादरला सगळे पूल ओले आणि मला जोरदार शिंका सुरू. सहा शिंका. मी जिन्यातच उभी राहिले, लोक धक्के देत पुढे जात होते, पॅड कोरडं होतं.

व्यायाम चालू आहे, भांडुप ते घाटकोपर. पर्समधली जास्तीची सलवार जूनमध्ये काढून ठेवली.

आईला ऑगस्टमध्ये घेऊन आले. ७४ वर्षांची, आधी म्हणाली आता काय करायचंय या वयात, मग स्वतःच विचारलं, ती बाईच आहे ना गं डॉक्टर? १९ ऑगस्टला दाखवलं. ऑपरेशनचं काही बोलणं नाही, तिला थोडं अंग बाहेर आलेलं आहे, त्याला आधार द्यायला सिलिकॉनची रिंग बसवून बघू आणि व्यायाम सुरू करू म्हणाल्या, आणि तीन दिवसांची डायरी दिली. चष्मा लावून ती स्वतःच भरतेय, मार्करची खूण केलेला तोच मग घेऊन, आणि आकडे मला लिहू देत नाही.